भाड्याचं ऊन

माझ्या ताईच्या नवऱ्याला भाडं या शब्दाचंच वावडं होतं. माणूस तसा सरळ. कुणाच्या अध्यात ना मध्यात, आपलं सायकल दुरुस्तीचं दुकान बरं आणि आपण बरे. पण कुणी भाड्याने काही आणायचा विषय काढला, की भाऊजींचा पारा चढलाच म्हणून समजा. घराला रंग द्यायचा होता तेव्हा मी म्हटलं, "शिडी भाड्याने मिळते की कोपऱ्यावर," तर संध्याकाळी हे नवीकोरी शिडी खांद्यावर टाकून दारात हजर. ती शिडी त्यानंतर कुणी हलवली असेल तर शपथ.

कारण होतं, नाही असं नाही. त्यांच्या लहानपणी बिऱ्हाड सारखं हलायचं. घरमालकाची मर्जी फिरली की सामान रस्त्यावर. एकदा तर त्यांची आई शिजत आलेल्या भाताचं भांडं फडक्यात धरून तशीच जिना उतरली होती. "नव्या खोलीत जाऊन अर्धकच्चं जेवलो सगळे," असं सांगून भाऊजी हसायचे. मला त्यात हसण्यासारखं कधीच काही दिसलं नाही.

पुढे पोटाला चिमटे काढून त्यांनी दुकानाचा गाळा विकत घेतला. आजूबाजूचे दुकानदार तासावर सायकली भाड्याने देऊन गब्बर झाले, तरी हे ढिम्म. "भाड्याच्या सायकलीला कोणी तेल घालत नाही," म्हणायचे. "चालवणारा म्हणतो माझी कुठाय, आणि देणारा म्हणतो चालतेय ना!" त्यावर ताई मला डोळा मारून म्हणायची, "माझं नशीब, मला तरी भाड्याने नाही आणली." मग भाऊजी मान वर न करता, "आणली असती तर केव्हाच परत केली असती." हे त्यांचं प्रेमाचं बोलणं. याहून गोड बोलताना मी त्यांना ऐकलेलं नाही.

मग ताईला धाप लागायला लागली. आधी जिन्यावर, मग केस विंचरताना, मग नुसतं बोलतानाही. तिची फुप्फुसं आतून घट्ट होत चालली होती. डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलं. त्याचा अर्थ एवढाच, की स्पंजाचा हळूहळू दगड होतो आणि दगडाचा पुन्हा स्पंज होत नाही. ताईला कपडे बदलायला आत नेलं तेवढ्यात डॉक्टर भाऊजींना बाहेरच्या पॅसेजमध्ये जे म्हणाले, ते त्यांनी मला दुकानात सांगितलं. सायकल उलटी टांगून ते चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढत होते. चाक फिरवत, त्याच्याकडेच बघत म्हणाले, "वर्ष. फार तर थोडं वर."

ते म्हणाले, "तिला कळता कामा नये. तुला माझी शपथ आहे."

"ती काय दूधखुळी आहे?" मी म्हटलं.

"शपथ घातलीय," ते म्हणाले आणि पुन्हा चाक फिरवलं. मला ते मुळीच पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण ग्रीसने माखलेल्या हातांनी ते तेच सरळ झालेलं चाक पुन्हापुन्हा फिरवत होते, ते बघून मी शपथ पाळली.

ऑक्सिजनचं मशीन आणायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. तिथल्या माणसाने चष्म्यातून बघत विचारलं, "किती दिवसांसाठी हवंय? महिन्याचा दर वेगळा, सहा महिन्यांचा वेगळा." रोजचाच प्रश्न होता त्याचा, त्याला काय दोष द्यायचा. भाऊजींनी त्याच्यापुढचं दरपत्रक बाजूला सारलं. मग म्हणाले, "विकत केवढ्याला?" त्याने आकडा सांगितला आणि यांनी तो निमूट मोजला. वायसरसाठीसुद्धा घासाघीस करणारा हा माणूस!

मशीन पलंगाशेजारी बसलं. दिवसरात्र घरघर, मध्येच फुस्स. त्यातून निघालेली नळी ताईच्या कानांवरून नाकाशी. नळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पुरायची, पुढे नाही. मी दिवसा तिथेच असायची; ताई उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसायची आणि मला कांदा बारीक चिरायला सांगायची. स्वतःला काही करता येत नसलं तरी दुसऱ्याच्या कामात खोड काढायचं तिने सोडलं नव्हतं, तेवढाच मला धीर वाटायचा.

पण मशीन विजेवर चालायचं आणि आमच्या भागातल्या विजेचा काही नेम नव्हता. उन्हाळा लागला की दुपारी वीज जायची, कधी घटकाभर, कधी संध्याकाळपर्यंत. मशीन किंचाळायला लागायचं, मी अडीअडचणीला ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर पान्याने उघडायची आणि भाऊजी दुकान उघडं टाकून धावत यायचे. एका दुपारी वीज आलीच नाही आणि सिलिंडरचा काटा खाली खाली जायला लागला. दुसरा सिलिंडर आणायला भाऊजी सायकल घेऊन सुटले. मी ताईचा हात धरून बसले होते. तिची नखं जांभळी पडत होती आणि मी वेड्यासारखी ती चोळत होते, जणू चोळून रंग परत येणार होता. भाऊजी सिलिंडर घेऊन पोचले तेव्हा ताईला धड बोलताही येत नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी सोलरवाल्याला फोन केला.

तो सोलरवाला म्हणजे इस्त्रीच्या शर्टातला हसतमुख मुलगा. गच्चीवर जाऊन आला, पाण्याच्या टाकीची सावली कुठवर पडते ते बघितलं, आणि ताईच्या खोलीतच खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "काका, दोन रस्ते आहेत. एक, पॅनल आणि बॅटरी विकत घ्यायची. सात वर्षांत पैसे वसूल, पुढची सगळी वर्षं वीज फुकट! दुसरा, भाड्याने. पॅनल, बॅटरी, देखभाल सगळं आमचं, तुम्ही दर महिन्याला भाडं द्यायचं. करार एक वर्षाचा. पुढे नको असेल तर आम्ही येऊन काढून नेतो."

"विकत," भाऊजी म्हणाले.

"काकू, तुम्ही बघाच," मुलगा ताईकडे वळून म्हणाला, "दहा वर्षांनी मला दुवा द्याल." ताई गोड हसली. मला त्या पोराच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. त्याची काही चूक नव्हती, म्हणून जास्तच.

बॅटरीसकट विकत घ्यायचं तर भाऊजींकडे विकण्यासारखं एकच होतं. गाळा. चार दिवसांत त्यांनी गिऱ्हाईकही शोधलं, शेजारचाच मोबाइलवाला. मला कळल्यावर मी तरातरा दुकानात गेले.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? वर्षाचा करार आहे तो घ्या. पुढे काय कराल तुम्ही? कुठे जाल सकाळी उठून?"

"ओरडू नकोस. लोक ऐकतात."

"ऐकू देत! सात वर्षांत वसूल म्हणे! सात वर्षं कुणाला..." पुढचं मला बोलवेना.

भाऊजींनी हातातला पाना खाली ठेवला. "हेच. हेच मला बोलता येत नाही. सगळा जन्म मी भाड्याला नाक मुरडलं. शिडीसुद्धा भाड्याने आणली नाही. आणि आज मी तिच्यासमोर म्हणू, वर्षभरासाठी भाड्याने द्या म्हणून? ती काय समजेल? दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर ते चाललं असतं. मी म्हटलं की तिला त्याच क्षणी कळेल."

स्वतःच्याच हट्टात माणूस असा अडकलेला मी दुसरा पाहिला नाही. भाड्याने न घेण्याची त्यांची ती खोड, जिची आम्ही जन्मभर टिंगल केली, तीच आता त्यांचा गाळा गिळायला बसली होती. मी हात टेकले आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचे केस विंचरत होते. ती आरशात न बघता म्हणाली, "त्यांना गाळा विकू देऊ नकोस."

"मी काय सांगणार त्यांना?"

"मला माहीत आहे गं," ती म्हणाली. थांबली, श्वास घेतला. "मशीन आणलं त्या दिवशीच कळलं. मी विचारलं, किती कमी करून घेतलं? तर म्हणाले, केलंच नाही. तेव्हाच म्हटलं, आपलं काही खरं नाही."

मला रडू फुटलं. ती उलट माझ्यावरच वैतागली, "केस ओढू नकोस." मग हळू आवाजात, "ते किती मेहनतीने खोटं बोलतात. पुढच्या वर्षी गच्चीवर झाडं लावू म्हणतात. मी हो म्हणते. त्यांचा तेवढाच आधार आहे, तो कसा काढून घेऊ? पण गाळा गेला तर मी गेल्यावर हा माणूस घरात बसून राहील. बसला की संपला. त्यांना सकाळी शटर उघडायला जायला हवं."

म्हणजे दोघांनाही ठाऊक आणि दोघंही एकमेकांपासून लपवणार, आणि मध्ये मी. दोघांनाही समोरासमोर बसवून ओरडावं, असा राग आला मला. पण शपथ होती.

सोलरवाला कागद घेऊन आला त्या सकाळी भाऊजींनी दाढी केली होती. मोबाइलवाला दुपारी इसार घेऊन येणार होता. मुलाने कागद पलंगाच्या कडेवर पसरले. "मग काका, विकतच ना?"

"विकतच. सांगितलं ना एकदा."

"थांबा," ताई म्हणाली. ती उशांना टेकून बसली होती. "मला सांग रे बाळा, ते भाड्याचं... वर्षाच्या आतच काढायचं झालं तर?"

"वर्षाच्या आत नाही काढत काकू. आधी नको झालं तरी भाडं वर्षाचं द्यावंच लागतं."

"असू दे," ताई म्हणाली. "वर्ष खूप झालं मला."

मुलगा हसत होता, तो हसता हसता थांबला. त्याला समजायला जरा वेळ लागला. मग तो उगाचच कागद गोळा करायला लागला. भाऊजी माझ्याकडे वळले, डोळे लाल. "तू सांगितलंस?"

"तिने नाही," ताई म्हणाली. "तुम्हीच. खोटं बोलता येत नाही तुम्हाला, आणि आव किती आणता!" एवढं बोलून तिला खोकल्याची उबळ आली. भाऊजींनी धावत जाऊन तिची पाठ धरली. खोकला थांबला तरी त्यांनी हात काढला नाही. तिथेच, त्या परक्या मुलासमोर, ते तिच्या खांद्यावर कपाळ टेकून रडले. ताई त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत मुलाला म्हणाली, "भाड्याचे कागद काढ. सही करतील ते."

त्यांनी सही केली. मोबाइलवाल्याला मी दारातूनच परत पाठवलं.

मला वाटलं होतं, एकदा खरं बोलून टाकलं की घर हलकं होईल. कसलं काय. गच्चीवर पॅनल लागले, वीज गेली तरी मशीन किंचाळेनासं झालं, पण त्या दोघांचं बोलणं आटलं. आधी निदान पुढच्या वर्षीच्या गप्पा व्हायच्या, खोट्या का होईना. आता त्या मारायला तोंड नव्हतं, आणि दुसरं बोलायला दोघांनाही येत नव्हतं. भाऊजी दुकानातून लवकर यायचे आणि तिचे पाय दाबत बसायचे. कधी कधी मला वाटतं, ते खोटंच बरं होतं. मग स्वतःचाच राग येतो.

ताई पानगळीच्या सुरुवातीला गेली. भर दुपारी, लख्ख ऊन, वीज होती, मशीन नीट चालू होतं. कशाचीच कमतरता नव्हती. करार संपायला अजून काही महिने होते.

लोक येऊन गेले, घर रिकामं झालं. आठवडाभर मी तिथेच राहिले, मग माझ्या घरी परतले. रोज फोन करायची. "दुकान उघडलं का?" "उघडतो उद्या." मोबाइलवाल्यानेच मला सांगितलं, शटर त्या दिवसापासून खालीच आहे. दुरुस्तीला टाकलेली फिरत्या भाजीवाल्याची सायकल आत अडकलीय, तो रोज येऊन शटर वाजवून जातो.

मी तडक ताईच्या घरी गेले. जिन्यावरच मला घरघर ऐकू आली आणि मध्येच फुस्स. क्षणभर, अगदी क्षणभर, मला वाटलं की ताई आहे.

दार नुसतं लोटलेलं होतं. मशीन चालू होतं. नळी उशीवर ठेवलेली, तिचं तोंड कव्हरवर हळूच फुंकत होतं. भाऊजी शेजारच्या खुर्चीत, दाढी वाढलेली, हात गुडघ्यांवर. दुकानात कधी रिकामे न दिसलेले ते हात अगदी स्वच्छ झाले होते, नखांत काळं नावालाही नव्हतं.

"हे काय चालवलंय भाऊजी?"

"भाडं वर्षाचं द्यायचंच आहे," ते म्हणाले. "ऊन फुकट जातं."

मी चिडले. खूप बोलले. तिने गाळा कुणासाठी वाचवला, मरायला टेकलेल्या बाईने सगळ्यांसमोर स्वतःचं मरण बोलून दाखवलं ते कशासाठी, सगळं बोलले. ते मान हलवत राहिले. एकेक शब्द त्यांना मान्य होता.

"उघडतो उद्या," ते म्हणाले.

मी मशीनचं बटण बंद केलं. खोलीत एवढी शांतता झाली की ती मलाही सोसवेना. भाऊजी उठले नाहीत, रागावले नाहीत. फक्त माझ्याकडे बघत राहिले, आणि थोड्या वेळाने मीच ते पुन्हा चालू केलं.