गणपतचा गोळा

गवतातून चालून घरी आलं की धोतराला कुसळं दिसतात. कधी लागली ते कळत नाही. किस्स्यांचंही तसंच आहे. शेणव्याच्या रस्त्याला आमच्या गावची मोरी आहे, तिच्या कठड्यावर आम्ही म्हातारे दिवस कलला की बसतो. कुणी मुद्दाम काही गोळा करत नाही, पण चिकटतंच. त्यातली बरीच कुसळं आमच्या गणपतच्या नावाची. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, तेव्हा डॉक्टरी शब्द इकडचा तिकडे झाला तर सांभाळून घ्या.

*

गणपतच्या उजव्या जांघेत गोळा यायचा. उभा राहिला, खोकला, की बाहेर. आडवा झाला, बोटांनी दाबला, की आत. त्यावर धडुत्याची घडी ठेवून तो लंगोट घट्ट कसायचा आणि भाताची पोती उचलायचा. डॉक्टरचं नाव नको!

एकदा मोरीवर गप्पा चालल्या असताना गोळा फारच दुखायला लागला. गडी तिथंच रस्त्याच्या कडेला उताणा झाला, डोळे मिटून, पाय पोटाशी. तेवढ्यात एसटी आली. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. कंडक्टर धावत खाली उतरला.

"आजोबा गेले का हो?"

गणपत डोळे मिटूनच म्हणाला, "नाय रे बाबा. गोळा आत जातोय. तुमी निघा, तुमचा टाइम चुकंल!"

*

मग एक दिवस गोळा आत जाईनाच. दगडासारखा घट्ट, लालभडक. अंगात ताप, दोन घास खाल्ले की ओकारी. मी जीप बघायला निघालो तर गणपतनं माझा हात धरला.

"यमुनीला सांगू नको. दाढ दुखते म्हण. तिला यातलं काय ठाऊक नाय."

यमुना म्हणजे त्याची बायको, माझी वहिनी. जीप दारात आली, तर ही बोचकं घेऊन आधीच आत बसलेली!

"तू कुठं निघालीस?" गणपतनं विचारलं.

"तुमच्या गोळ्यासंगं."

गणपत माझ्याकडे रागानं बघायला लागला. मी मान हलवून सांगतोय, मी नाही बोललो.

"भावजींवर कशाला डोळे काढता?" वहिनी म्हणाली. "इतकी वर्षं तुमचा लंगोट अन् ती घडी काय देव येऊन धुवून जातो?"

गणपतनं धोतर सावरलं आणि जीपमध्ये तिच्या शेजारी जाऊन बसला.

*

शहापूरच्या दवाखान्यात सर्जन निघाल्या बाई. पोरीच्या वयाच्या. गणपतनं लंगोटाची गाठ मुठीत धरली ती सोडेना.

"बाप्या डाक्टर नाय का?"

"आहेत ना आजोबा, मुरबाडला. पण तिथं जाईपर्यंत हा गोळा थांबणार नाही. आत काहीतरी अडकलंय. आजच्या आज उघडलं नाही तर आत सडेल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही."

वहिनीचा चेहरा एकदम पांढरा पडला. पण ती उठली, खाटेच्या उशाशी गेली आणि आपला पदर गणपतच्या डोळ्यांवर टाकला.

"आता तुमाला कोन दिसतं?"

"कोन नाय."

"मंग लाजता कुनाला? सोडा गाठ!"

सोडली.

*

ऑपरेशनला कमरेत इंजेक्शन देतात. खालचं अंग बधिर, पण माणूस जागा. त्यामुळे पुढचं गणपतनं स्वतः ऐकलेलं आहे.

बाईंनी गोळा उघडला आणि थांबल्याच. "अरे! हे तर अपेंडिक्स!" भुलीचे डॉक्टर वाकून बघायला आले, सिस्टर आली.

"काय गावलं बाय?" गणपतनं विचारलं.

"आजोबा, हर्नियात बहुतेक वेळा आतडं उतरतं. तुमचं अपेंडिक्स उतरलंय. पोटातलं ते जांघेत येऊन अडकलं आणि सुजलं. फार क्वचित बघायला मिळतं हे."

"त्याला घरात करमत नसंल," गणपत म्हणाला. "काढा त्याला. पर मला ऱ्हाऊ द्या."

*

काढलेलं ट्रेमध्ये घालून नातेवाइकांना दाखवायची पद्धत असते. करंगळीएवढं होतं, सुजून लाल झालेलं. वहिनी किती तरी वेळ बघत राहिली.

"एवढंसं?" म्हणाली, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तेव्हा फुटलं.

बाईंनी तिला बाकावर बसवलं, समजावून सांगितलं. एरवी हर्नियाला जाळी बसवतात. पण सुजलेलं अपेंडिक्स कापल्यावर जाळी घातली तर तिला पू धरायची भीती. म्हणून जाळी न घालता त्याच्याच अंगाचे पदर एकमेकांना शिवले. तेव्हा त्या सांगेपर्यंत गणपतनं वजन म्हणून उचलायचं नाही.

वहिनीनं डोळे पुसले. "बाय, शिवन दुहेरी घातली ना?"

"दुहेरीच घातली, आजी."

*

वॉर्डात गणपतचा भाव फार वधारला. शिकाऊ डॉक्टर घोळक्यानं बघायला यायचे. शेजारच्या खाटेवर मुरबाडकडचा एक शेतकरी, त्याचंही हर्नियाचंच ऑपरेशन. तो तोंड पाडून बसलेला.

"माझा साधाच निघाला. माझ्याकडं कोन बघत नाय."

दुसऱ्या दिवशी घोळका आला, तसा गणपत म्हणाला, "आधी त्याचा बघा. नायतर मी पांघरून काढनार नाय!"

*

घरी आल्यावर वेगळीच अडचण. भरलेला हंडा बाईच्या डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं. वहिनीला तो गणपतच चढवून द्यायचा, लग्न झाल्यापासून. आता त्याला बंदी.

मी म्हटलं, "वहिनी, मी देतो चढवून."

"नको भावजी," म्हणाली, आणि हंडा अर्धाच भरला. अर्धा हंडा एकटीला उचलतो, पण खेपा दुप्पट होतात. दर खेपेला गणपत काठी टेकत तिच्या बाजूनं, दोघांच्या गप्पा चाललेल्या. विहिरीवरच्या बाया हसायच्या, "म्हातारी पान्याला, अन् म्हातारा कशाला गो?"

"डाक्टरीणबायनी चालायला सांगितलंय!" गणपत म्हणायचा.

भातकापणी आटोपली. डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, "आजोबा, शिवण पक्की झाली. आता बेतानं उचलायला हरकत नाही."

परवा मी विहिरीवर होतो. गणपत दोन्ही हात पुढे करून उभा. वहिनीनं हंडा अर्धा भरला आणि आपला आपणच डोक्यावर घेतला.

"वहिनी, आता बंदी उठली ना!" मी म्हटलं.

"व्हय का?" ती म्हणाली आणि वळली. "चला हो. अजून खेपा पडल्यात."