आण्णांच्या रानातलं धोतर

शिरोळात माझे चुलत आजोबा गोमटेश आण्णा यांची नक्कल माझ्याइतकी कुणाला जमत नाही. मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले, "शेणखताच्या पाटीत शंभर जीव असत्यात. फावडं मारलं की शंभर हत्या! युरियाच्या पोत्यात काय हाय? कायबी न्हाय. शुद्ध!"

पाणी गाळून पिणारा, दिवस मावळायच्या आत जेवणारा जैन माणूस. तीस वर्षं त्यांनी दोन एकर उसात शेणाची पाटी शिरू दिली नाही. पोती मात्र दरसाल वाढली, वर पाटाचं बेसुमार पाणी; मातीवर पांढरा खार फुटला. घरात सगळे हसायचे.

पण त्यांच्या रानात उभं राहून मला त्यांचा आवाज काढता येत नाही. तिथं कसलाच आवाज नसतो. शेजारच्या सयाजीमामांची नांगरट सुरू झाली की ट्रॅक्टरमागं बगळ्यांची रांग लागते. तोच ट्रॅक्टर बांध ओलांडून आण्णांच्या रानात आला, की बगळे बांधावरच थांबतात. नुसते बघत राहतात.

यंदा कॉलेजच्या प्रयोगासाठी सुती कापड पुरायचं होतं. माती जिवंत असली तर ती कापड खाते. आण्णांनी पूजेचं जुनं धोतर फाडून दोन तुकडे दिले. "माझ्या रानाचा उपास असतोय, पोरी!"

दोन महिन्यांनी सयाजीमामांच्या मातीतून चार धागे निघाले. आण्णांच्या रानात वीतभर खणलं, तर तुकडा जसाच्या तसा. घडीही मोडलेली नाही. खारानं ताठ, पांढराफेक. आत कुणीतरी जपून ठेवल्यासारखा.

आण्णांनी तो नाकाशी धरला. वास नव्हता.

"म्हंजे तीस वर्षं मी..."

सयाजीमामा हळू बोलले, "आण्णा, पाटीतली मरतील म्हणून भ्यालासा. हितं मरायलाबी कोण उरलं न्हाय की."

आण्णा उठले. सयाजीमामांच्या रानातलं ओलं ढेकूळ गांडुळांसकट दोन्ही हातांनी उचललं आणि आमच्या खड्ड्यात अलगद ठेवलं. "जावा बाबांनो आत. चुकलं माझं."

आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. थोड्या वेळानं एक गांडूळ वर आलं. मग दुसरं. मग सगळीच. पांढऱ्या मातीवर वळवळत, सगळी एकाच दिशेनं, सयाजीमामांच्या बांधाकडं.

"थांबा, थांबा, भाजशीला! मी नेतो की!" आण्णांनी एकेक ओंजळीत घेऊन पलीकडं सोडलं. दिवस मावळला, जेवण चुकलं, कुणीच आठवण केली नाही.

"उद्यापासनं पाट बंद," ते म्हणाले. "चर काढून पावसाच्या पाण्यानं खार धुवायचा. मग ताग पेरून हिरवाच मातीत गाडायचा. शेणखत त्याच्या मागनं, चांगलं कुजलेलं. हातानं पसरतो मी."

"किती वर्षं लागतील, आण्णा?"

ते रानाकडं बघत होते. "सयाजी, हितं आदी जी गांडुळं होती... ती कुठं गेली असतील रं?"



आण्णांनी रानात टेकलेला पाय, कुणाच्या अंगावर पडल्यासारखा, सावकाश उचलून बांधावर घेतला, आणि घरापर्यंत बांधावरूनच चालत गेले.