भिंतीवरची काच

माल्टातल्या बिर्गू गावात मी नर्स म्हणून गेले, तेव्हा म्हाताऱ्या कार्मेनाबाईंच्या घरात खोली घेतली. शेजारचं जुनं घर पाडून हॉटेलचा पाया खणत होते. आमच्या पिवळसर दगडी भिंतीला तडा गेला, तेव्हा इंजिनिअरने त्यावर काचेची पट्टी चिकटवली. "ही फुटली तर भिंत हलतेय समजा. लगेच बाहेर पडा."

पर्यटक किल्ल्याच्या तटाचे, चर्चच्या घुमटाचे फोटो काढत हिंडायचे. मी मात्र उठल्याबरोबर ती पट्टी बघायची. जुन्या वास्तू भक्कम उभ्या आहेत, असं आपण सहज म्हणतो; त्या एकमेकींना धरून उभ्या असतात, हे मला तिथे कळलं.

एका सकाळी काच मधोमध फुटलेली दिसली.

"कार्मेनाबाई, चला!"

त्या दारातच थबकल्या. "माझा जन्म इथला गं."

"ठाऊक आहे. आधी बाहेर या." मी त्यांना हाताला धरून रस्त्यावर ओढलं.

खोदकाम थांबवलं गेलं. दुपारी भिंतीला टेकू लागले, भिंत वाचली. संध्याकाळी लेकीच्या गाडीत बसताना कार्मेनाबाई घराकडे बघत हळूच म्हणाल्या, "आयुष्यभर या घरात शिरलं की माझी भीती जायची. आज त्याचीच वाटली."