डाव्या दाराचं घासकाम

माझा धाकटा भाऊ माझ्यापेक्षा चांगला माणूस आहे, हे मी केव्हाच कबूल करून टाकलंय. त्याचा हातही माझ्यापेक्षा चांगला आहे, ते मात्र अजून पचत नाही.

पेणला आमचा गणपतीचा कारखाना. आप्पांनी उभा केला, आता धाकटा चालवतो. मी दहावीत असताना आप्पांनी एकदा डोळ्यांच्या आखणीचा ब्रश माझ्या हातात दिला. हात हलला आणि मूर्तीचा एक डोळा नाकाकडे सरकला. आप्पा रागावले नाहीत. त्यांनी डोळा पुसला, ब्रश माझ्याकडून काढून घेतला आणि धाकट्याला दिला. तो सहावीत होता. त्याने एका दमात दोन्ही डोळे आखले. तेव्हापासून माझ्या वाट्याला घासकाम आलं. साच्यातून निघालेली मूर्ती सुकली की पॉलिश पेपर मारून तिचं अंग गुळगुळीत करायचं, एवढंच.

पुढे मी रोह्याला कंपनीत लागलो, शेजारच्या अष्टमी गावात घर केलं. पण पेणला गेलो की आप्पांचं पालुपद ठरलेलं. "धाकट्याची यंदाची आखणी बघितलीस काय? हात बसलाय त्याचा." मी "व्हय" म्हणायचो आणि हातातला चहा कडू लागायचा.

आता काचबिंदूने आप्पांची नजर गेल्यात जमा आहे, पण बोटं शाबूत आहेत. आजही ते मूर्तीच्या पोटावरून बोटं फिरवतात आणि कुठे खरखर राहिली ते बरोबर सांगतात. माझी गाडी दारात लागली की तिच्यावरूनही हात फिरवल्याशिवाय राहत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात वडखळच्या कोंडीत एक टेम्पो माझ्या गाडीला डावीकडून घासून गेला. बारा वर्षांची निळी गाडी, तिच्या मागच्या दारावर हातभर ओरखडे आणि त्यांत टेम्पोचा पिवळा रंग. रोह्याच्या गॅरेजवाल्याने ओरखड्यांवरून नख फिरवलं. "नख अडकत नाय. वरवरचं हाय, निघंल. सोमवारी आणा."

मी नेणार नव्हतो. घासणं म्हणजे माझं काम. धाकट्याइतकी मला येणारी जगात हीच एक गोष्ट. रविवारी आप्पांची बोटं त्या दारावरून फिरतील, त्यांना काही लागणार नाही, ते विचारतील कोणी केलं, आणि मी म्हणेन, मी. मग ते म्हणतील, हात बसलाय. पंचेचाळिशीच्या माणसाला हे शोभत नाही, ठाऊक आहे. पण मला तेच हवं होतं.

शनिवारी फर्स्ट शिफ्ट करून आलो, सगळ्यात बारीक पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळला आणि सुरू झालो. बायको म्हणाली, "अहो, पाणी नको का मारायला? गॅरेजवाला तर पाणी ओतून घासतो."

"पाणी लागलं की माल बिघडतो," मी म्हणालो. "पन्नास वर्षांचा धंदा आहे आमचा."

मूर्तीच्या बाबतीत ते खरंच आहे. कोरड्या मूर्तीवर कोरडा कागद चालवायचा, पूड फुंकायची, पुन्हा घासायचं. अर्धा तास मी तेच केलं. पिवळा रंग गेला, ओरखडे गेले. मला इतका आनंद झाला की मी आणखी घासलं. मग पूड फुंकली तर ती निळी निघाली. वरचा चकचकीत थर गेला होता, त्याखालचा रंगही गेला होता आणि पोळीएवढा राखाडी प्रायमर उघडा पडला होता. बायकोने येऊन बघितलं. हसलीसुद्धा नाही, त्याचाच जास्त राग आला.

रविवारी सकाळी निघालो. वाटेतलं गडब गाव मागे पडलं तरी परत फिरावं असं वाटत होतं. पेणला गाडी आप्पांच्या हाताला लागू नये म्हणून कारखान्याच्या मागे लावली. धाकटा आला, वाकला, बोट लावलं.

"दादा, कोरडाच मारलास?"

मी मान हलवली. तोही हसला नाही. दाराच्या आतल्या पट्टीवरून त्याने रंगाचा नंबर उतरवला, ओळखीच्या रंगवाल्याला उठवून डबा आणला. आजूबाजूला वर्तमानपत्र चिकटवलं. साबणाच्या पाण्यात भिजवलेला कागद त्या राखाडी डागाच्या कडेने असा काही फिरवला की कड कुठे संपते ते कळेना. मग मूर्तींवर रंग फवारायची गन घेतली आणि रंगाचे पातळ हात दिले, एक सुकला की दुसरा, वर लॅकर. मी बाजूला उभा राहून त्याचं मनगट बघत होतो. मनातल्या मनात म्हणत होतो, एक तरी ओघळ येऊ दे. आला नाही. माझ्याच गाडीवर ओघळ यावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो!

दिवसभर दार उन्हात वाळलं. ऊन उतरल्यावर त्याने मऊ फडक्याने हलकं पॉलिश केलं. तेवढ्यात आप्पा काठी टेकत मागे आले.

"गाडी घासली व्हती म्हणं?" त्यांनी पुढच्या दारापासून मागपर्यंत बोटं फिरवली. कुठेच थांबली नाहीत. "कोनी केलं?"

धाकटा थिनरने गन धूत होता. त्याने मान वर केली, पण त्याच्याआधी मी बोललो. "मी."

आप्पांनी पुन्हा एकदा, सावकाश, बोटं फिरवली. "हात बसला रं तुझा," ते म्हणाले आणि काठी टेकत घरात गेले.

धाकटा गन धूत राहिला. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. मग तो म्हणाला, "मला नाय बोलले असं कधी."

मला वाटलं, टोमणा मारतोय. "काय सांगतोस? मला तर दर वेळी तुझंच ऐकवतात."

"तुला ऐकवत असतील. मला सोंड जाड झाली, कान वाकडा झाला, एवढंच बोलतात. काम चांगलं झालं की गप बसून पुढची मूर्ती मागतात." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "आज कळलं, बोलतात तेव्हा कसं बोलतात ते."

आप्पा पंधरा पावलांवर, ओसरीत बसले होते. आत जाऊन खरं सांगायला मिनिटही लागलं नसतं. मी गाडी काढली.

दर पंधरा दिवसांनी पेणला जातो. आप्पा त्या दारावरून हात फिरवतात, माझं कौतुक करतात. धाकटा समोर असतो, एका शब्दाने माझं बिंग फोडत नाही. ते कौतुक त्याचं आहे, हे मला कळतं. पण मला ते आयुष्यात पहिल्यांदा मिळालंय, आणि त्याचं त्याला परत द्यायचं म्हटलं की माझ्या पोटात दुखतं.