तीन नंबर प्रेसची नोंद

आधीच सांगून टाकतो, या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आलोय. माझा पेशा हार्डवेअरचा. मशीन बिघडलं की कारण असतंच — सैल केबल, मेलेली बॅटरी, नाहीतर माणसाने घातलेला घोळ. बायको म्हणते माझ्यात श्रद्धा नावाचा पार्टच बसवायचा राहून गेलाय. तेव्हा पुढचं वाचून हसू आलं तर खुशाल हसा... दोन महिन्यांपूर्वी मीही हसलो असतो.

मी मूळचा साताऱ्याचा, गेली चौदा वर्षं चेन्नईत. बायको सुधा इथलीच, तंजावरी मराठी घरातली. अण्णा नगरला आम्ही वरच्या मजल्यावर आणि सासू-सासरे खाली. त्यांना मी मामा-मामी म्हणतो. त्यांचं मराठी पहिल्या वर्षी मला निम्मं कळायचं नाही, आणि माझं त्यांना पुस्तकातलं वाटायचं. जुने कॉम्प्युटर आणून चालू करायचे हा माझा नाद. त्यात एक आख्खी खोली गेलीय आणि सुधाची सहनशक्तीही.

मामा चेन्नईजवळ गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होते. स्वतःसाठी कधी काही मागणार नाहीत असा माणूस. ते एका रविवारी जिना चढून वर आले आणि म्हणाले, "फ्याक्टरीचं जुनं स्टोअर खाली करताहेत. अमच्या शिफ्ट ऑफिसाचं कॉम्प्युटर तिथं पडलं अहे अजून. तेवढं घेऊन ये की."

मी म्हटलं, आणतो, पण तुम्हाला कशाला हवंय? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते सुधालाही नीट माहीत नव्हतं.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आयुधपूजेचा दिवस. इथे त्या दिवशी यंत्रं पुसायची, चंदन-कुंकू लावायचं, बंद करायची आणि दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला सकाळी, एकदा तरी चालवून शुभारंभ करायचा, अशी रीत आहे. पूजेच्या आधी मामांच्या लक्षात आलं होतं की पत्रा दाबायच्या तीन नंबर प्रेसच्या गार्डचा स्विच चालत नाही, म्हणजे हात आत असला तरी प्रेस खाली येणार. पुढच्या शिफ्टसाठी सूचना कॉम्प्युटरवर लिहून ठेवायची पद्धत होती. मामांनी ती लिहिली. मग कॉम्प्युटरलाही चंदन लागलं आणि तो बंद झाला.

विजयादशमीला सकाळी तो चालूच होईना. सूचना कुणी वाचली नाही. शुभारंभाला तीन नंबर चालवली आणि ऑपरेटर मुरुगेसनची दोन बोटं गेली.

चौकशीत मुरुगेसन म्हणाला, मला कुणी काही सांगितलं नव्हतं. कॉम्प्युटरवाल्याने डिस्क गेली म्हणून हात वर केले. 'सूचना दिल्याचा पुरावा नाही' असा शेरा पडला. मामांची नोकरी टिकली, पण त्यांनी शिफ्ट बदलून घेतली आणि मुरुगेसनला पुन्हा तोंड दाखवलं नाही. तो अजून कारखान्याजवळच राहतो, तरीही नाही.

"आणि अत्ता तर," मामा म्हणाले, "मी लिहिलों, की लिहायचं हणून नुसतं मनांत होतं, तेंच तेरियलै." तेरियलै म्हणजे कळत नाही. हे सांगताना ते माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत होते.

तर मी ते धूड गाडीत घालून आणलं. इतकी वर्षं ते भंगारात कसं गेलं नाही, तर म्हणे कागदोपत्री ते 'दुरुस्तीस' होतं आणि ती ओळ खोडायला कुणी तयार नव्हतं. मॉनिटरच्या कडेला वाळलेल्या चंदनाचा डाग तसाच होता.

पहिल्या दिवशी नुसत्या बीप. रॅम काढून, पुसून बसवली. मग पडद्यावर अक्षरं आली, पण तारीख-सेटिंग सगळं पुसलेलं. बोर्डावरची बॅटरी फुटून हिरवी झाली होती. ती काढली, बोर्ड धुतला, नवी लावली. मग कीबोर्डची एरर. तो उलटा करून आपटला तर चिमूटभर विभूती निघाली. एवढं झाल्यावर फ्लॉपीवरून तो चालू व्हायला लागला. राहिली हार्ड डिस्क, आणि ती काही केल्या हलेना. आतली तबकडी फिरतच नव्हती. मी हलकेच टिचक्या मारल्या, दुसरी केबल लावली, दुसऱ्या मशीनला जोडून पाहिली. एकदा मिनिटभर फिरली, टक्-टक् करत राहिली आणि गप्प झाली. दर वेळी तीच एरर — डिस्क सापडत नाही.

मामा रोज सकाळी कॉफीचा पेला घेऊन वर यायचे, माझ्या मागे खुर्चीत बसायचे, एरर वाचायचे आणि "परवा इल्लै" म्हणून खाली जायचे. राहू दे, काही हरकत नाही. मला ते ऐकवेनासं झालं होतं.

त्यात आयुधपूजा आली. मामी म्हणाल्या, "पुस्तकं ठेवलं, कात्री ठेवलं, तुमचं मशीन काय पाप केलं? त्याचं मुख्य असेल तें काढून द्या, पाटावर ठेवतें." मी चेष्टेत म्हटलं, याचं मुख्य म्हणजे हीच मेलेली डिस्क. स्क्रू काढले, डिस्क त्यांच्या हातात दिली, फ्लॉप्यांचा डबाही दिला आणि झाकण लावून टाकलं, कारण मामांना त्यावरही चंदन लावायचं होतं. त्यांनी बोटाने एक टिळा लावला आणि थोडा वेळ हात तसाच झाकणावर ठेवला. संध्याकाळी प्रसादाचं हरभऱ्यांचं सुंडल खाल्लं, रस्त्यावर दृष्ट काढायचे कोहळे फुटले, आम्ही झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मामा कॉफी घेऊन आले. पंधरा दिवसांची सवय... मी काहीही विचार न करता स्विच दाबला. डिस्क आत नाही हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं.

रॅम मोजून झाली. एक बीप. आणि एरर न येता पडद्यावर सी ड्राइव्हची, म्हणजे हार्ड डिस्कची, ओळ उभी राहिली.

माझा आनंद काय सांगू! मी ओरडून सुधाला बोलावलं. 'शिफ्ट' नावाचं फोल्डर होतं. आत तारखांच्या फायली. मामांनी पुढे वाकून तारीख सांगितली, मी ती फाईल उघडली. इंग्रजीत, सगळी कॅपिटल अक्षरं, चार ओळी. त्यांचा अर्थ असा — तीन नंबर प्रेस. गार्डचा स्विच काम करत नाही. दुरुस्तीशिवाय चालवू नये. ऑपरेटर मुरुगेसन यांना तोंडी सांगितले आहे. खाली मामांची आद्याक्षरं.

मामांनी पेला खाली ठेवला. "लिहिलों होतों," म्हणाले. "सुधा, मी लिहिलों होतों गं." आणि ते रडले. सुधाने त्यांना धरलं, मग तिला सुचलं म्हणून पडद्याचा फोटो काढला. माझेही डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू.

हे आधी कॉपी करून ठेवू म्हणून मी ओरडलो, "मामी, फ्लॉप्या कुठे आहेत?"

मामी पूजेचा पाट तसाच उचलून वर आल्या. "हे अत्ता हलवायचं अहे का हो? आरती झाली." पाटावर फ्लॉप्यांचा डबा, दोन स्क्रूड्रायव्हर, आणि मधोमध हार्ड डिस्क. कुंकू लावलेली, वर जास्वंदीचं फूल.

मी डिस्ककडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं. चार ओळी तिथेच, खाली कर्सर लुकलुकतोय. सुधाला काही कळेना. तिला म्हटलं, अगं, ती फाईल या डिस्कवर असते, आणि डिस्क तर इथे पाटावर आहे. मी एंटर दाबलं, फाईल पुन्हा मागितली. सी ड्राइव्ह तयार नाही, असा मेसेज आला. बंद करून चालू केला, तर आमची जुनी ओळखीची एरर. झाकण उघडलं. डिस्कची जागा रिकामी, केबल लोंबकळत होती.

तुम्ही विचाराल ते सगळे प्रश्न मी स्वतःला विचारलेत. दुसरी डिस्क? नाही. मशीन कुठल्या नेटवर्कला? त्यात तसं कार्डच नाही. झोपेत मी डिस्क बसवली? मग पाटावर काय होतं? नंतर डिस्क डेटा रिकव्हरीवाल्या एका ओळखीच्या माणसाकडे नेली. त्याने उघडून दाखवली, तबकडीवर घासल्याच्या गोल रेघा होत्या. "यातून कुणीही काही वाचू शकणार नाही," म्हणाला. मी मान डोलावली. त्याला काय सांगणार होतो?

एक नवल मात्र सांगतो, मला भीती पहिली दोन मिनिटंच वाटली. त्यानंतर कुणीतरी छातीवरचा दगड उचलावा तसं हलकं वाटत राहिलं. आमच्या घरात तो आख्खा दिवस सणासारखाच गेला.

पुढच्या रविवारी मामा म्हणाले, मुरुगेसनकडे जायचं. मामा, सुधा आणि मी निघालो. सुधाने पाठवलेला फोटो मामांच्या फोनवर होता. मला वाटलं, दाखवणार, तीस वर्षांचा शेरा खोडून काढणार. मनातून मला ते हवंच होतं. चौथी ओळ मी विसरलो नव्हतो — मुरुगेसनला सांगितलं होतं, म्हणजे चौकशीत तो खोटं बोलला होता.

दार त्यानेच उघडलं. मामांना पाहून त्याने डावा हात पाठीमागे घेतला. त्याच्या मुलीने पाणी दिलं, मग कॉफी दिली. बराच वेळ मुलांचं, गुडघ्यांचं, उन्हाचं झालं. सगळं तमिळमध्ये. मामांचा हात दोनदा खिशातल्या फोनकडे गेला.

मग मुरुगेसनच म्हणाला, "सार, तुम्ही मला सांगितलं होतं."

त्याने डावा हात पुढे आणून मांडीवर ठेवला आणि सांगत राहिला.

"वाजंत्री चालू होती. तुम्ही कानाजवळ येऊन म्हणालात, तीन नंबरला हात लावू नको. सकाळी मोठे साहेब म्हणाले, शुभ आहे, एक स्ट्रोक मार. मी मारला. चौकशीत खरं बोललो असतो तर नोकरी गेली असती. मुलगी लहान होती, सार. तुम्ही कधी आला नाहीत, तेव्हा वाटलं, तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही माझं तोंडही पाहणार नाही."

मामांचा हात खिशातून बाहेर आला, रिकामा. त्यांनी पुढे होऊन मुरुगेसनचा तो डावा हात दोन्ही हातांत धरला.

"मला काहीच आठवत नाही, मुरुगेसा," मामा म्हणाले. "एवढा गोंगाट होता. मी सांगितलंच नसेन."

"नाही सार, तुम्ही सांगितलंत..."

"मग सांगितलं असेन. झालं ते झालं. जेवायला काय केलंय, ते सांग."

आम्ही चौघं तिथेच जेवलो. मामांनी दोनदा रसम मागून घेतलं.

तर अनुभव हा असा. कसं झालं, मला माहीत नाही, आणि मी कारण शोधायचं आता सोडलंय. फोटो टाका, असं तुम्ही म्हणणार. फोटो नाही. परतीच्या वाटेवर मामांनी फोन माझ्यासमोर धरला आणि हा कसा पुसायचा ते दाखव म्हणाले. सुधाच्या फोनवरचाही पुसायला लावला. मी म्हटलं, मामा, ट्रॅशमध्ये तो अजून काही दिवस राहतो, पुन्हा हवा असला तर मिळेल.

"तिथूनही पूस," मामा म्हणाले.

मी गाडी बाजूला घेतली आणि तिथूनही पुसला.