थाळीची बाहेरची कड

माझा मेहुणा जाऊन वर्ष होत आलं. त्याच्या आजारपणाची एक गोष्ट आमच्या घरात आणि नेऱ्याला त्याच्या घरात आता कायमची ठरून गेली आहे. तो हट्टी होता, हाताचं दुखणं त्याने लपवलं, अंगावर काढलं, आणि म्हणून हात गेला. ही गोष्ट खरी नाही. खरं काय ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही.

तळोज्याच्या एका रसायनाच्या कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट विभागात नोकरी केली. दाब, तापमान, पातळी दाखवणारे गेज तपासायचे आणि चुकीचं दाखवत असतील तर दुरुस्त करायचे, हे काम. नवा माणूस आला की त्याला मी पहिली गोष्ट शिकवायचो, की गेज चुकतोय म्हणून लगेच त्याच्या स्क्रूला हात लावायचा नाही. आधी तो का चुकतोय ते बघायचं. शिकवायचो असं, पण प्लांट चालू ठेवण्याची घाई असायची. मग मीही स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणायचो आणि पुढच्या गेजकडे वळायचो. काटा बरोबर दिसला की कुणी काही विचारत नाही.

निवृत्त झालो आणि पनवेलच्या फ्लॅटमध्ये बसून राहिलो. बायकोचं माहेर नेऱ्याचं. तिचा धाकटा भाऊ तिथे भातशेती करायचा. त्याची बायको आधीच गेलेली, घरात तो आणि मुलगी. त्याच्या शेताला लागून एक फार्महाऊस झालं होतं. मालक बरीच वर्षं परदेशात राहून आलेला, माझ्याच वयाचा. त्याने तिथे डिस्क गोल्फचा खेळ मांडला. दोन हजार दहाच्या पुढची ही गोष्ट. लोखंडी खांब, त्यावर साखळ्या, साखळ्यांखाली जाळीची टोपली. लांबून प्लास्टिकची चकती फेकायची, ती साखळ्यांना आपटून टोपलीत पडली पाहिजे. कमीत कमी फेकींत जो टोपली गाठेल तो जिंकला. त्याची जागा अपुरी पडली म्हणून भात कापून झाल्यावर मेहुण्याच्या रिकाम्या खाचरांतही त्याने खांब रोवले. मेहुण्याने हो म्हटलं ते एका अटीवर, की वालाच्या तुकड्यात कुणी पाय घालायचा नाही. चकती वालात पडली तर ती तोच काढून आणणार.

चकतीला तो थाळी म्हणायचा. मग आम्ही सगळेच म्हणायला लागलो.

पहिल्या हिवाळ्यात तो गोफण फिरवावी तशी फेकायचा. पाखरं हाकायची सवय. हात गोल फिरायचा, थाळीही गोल जायची आणि बांधापलीकडे पडायची. मी इंटरनेटवर व्हिडिओ बघून आलो होतो. त्याला आडवं उभं केलं, उजवा खांदा टोपलीकडे. थाळी मागे नेऊन छातीवरून सरळ रेषेत ओढायला लावली, दोरीवरचा कपडा ओढून घ्यावा तशी. आधी पाय, मग कंबर, हात सगळ्यांत शेवटी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सुटताना थाळीची बाहेरची कड, हातापासून लांबची. ती खाली झुकली तर थाळी डावीकडे वळते, वर उचलली गेली तर उजवीकडे. सपाट सुटली तर सरळ जाते आणि अगदी शेवटी थोडी डावीकडे कलते.

"दाजी, येवढा सगला ध्यानात ठेवून फेकायची, तर भात लावायला मजूर बोलवाया लागतील," तो म्हणाला.

"तू फक्त कड बघ."

"कड बगू का टोपली बगू?"

"टोपली कुठे पळून जात नाही."

त्याला लवकर जमलं. माझ्यापेक्षा लवकर. माझी थाळी वाकडी गेली की तो म्हणायचा, "बगा, दाजींची थाळी सासरी निघाली." त्याच्या घराच्या दिशेला गेली असेल तर तेही खरंच असायचं. शनिवार-रविवारी खारघरहून, नव्या वसाहतींतून काही निवृत्त माणसं यायला लागली. मी त्यांनाही शिकवायचो. कारखाना सोडल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं. इथे विचारायचे. मला ते हवंहवंसं वाटायचं, हे लिहून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात याचा भाग आहे.

पुढच्या हिवाळ्यात त्याची थाळी डावीकडे पडायला लागली. आधी थोडी, मग वालात. तो वालात शिरायचा, वेलांच्या मधून पाय टाकत थाळी शोधायचा आणि येताना शेंगा खिशात घालून आणायचा. "थाली नाय तर नाय, भाजीचा तरी झाला," म्हणायचा. लोक हसायचे.

मी त्याच्या मागे उभा राहून बघितलं. ओढ सरळ होती, पाय बरोबर होते. सुटताना बाहेरची कड खाली पडत होती. मी गवंड्याची लेव्हल बाटली घेऊन गेलो. त्याला थाळी नुसती समोर धरायला सांगितली, बाटली तिच्यावर ठेवली आणि बुडबुडा मध्यावर आणला. बुडबुडा हळूहळू सरकायला लागला. मेहुणा फेकत नव्हता, नुसता उभा होता, तरी कड आपोआप खाली येत होती. त्याच्या अंगठ्याच्या बुडाशी जिथे मांस असतं तिथे मला खळगा दिसला. डाव्या हाताशी ताडून बघितलं. डाव्या हाताला तसा खळगा नव्हता.

हे मी बघितलं. मला दिसलं नाही असं मी कधी म्हणू शकत नाही.

"दाजी," तो हळू आवाजात म्हणाला, बाकीचे लांब होते. "शर्टाचा बटन लावाया जमत नाय सकालचा. भाकर मोडतांना हात भलतीकडं जातो. डाक्टरला दाखवू काय?"

मी म्हणालो, "पकड चुकतेय तुझी. थंडी आहे. आधी कोन ठीक करू."

आणि मी कोन ठीक केला. बाहेरची कड सुरुवातीलाच वर उचलून धर म्हणालो, तळवा जरा आभाळाकडे. म्हणजे ओढताना कड जितकी पडायची तितकी पडेल, पण सुटेपर्यंत सपाट येईल. त्याने तसं केलं. थाळी सरळ गेली आणि साखळ्यांत वाजली. फार्महाऊसचा मालक लांबून म्हणाला, "मास्तर, तुम्ही जादूगार आहात." मेहुणा माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं, बरं झालं.

काटा शून्यावर आला होता.

त्या महिन्यात जोडीची एक स्पर्धा ठरली होती. मुंबईहून खेळणारे येणार होते. माझी जोडी त्याच्याशी. मला ती जिंकायची होती. कारण एवढंच होतं, दुसरं काही नाही. दर आठवड्याला कड आणखी पडायची आणि मी त्याला आणखी वर धरायला लावायचो. पकड सुटायला लागली तेव्हा थाळीच्या कडेला आतून खरखरीत टेप लावून दिली. थाळी सरळ जात राहिली. बघणाऱ्याला वाटावं, याचा हात आता पहिल्यापेक्षा चांगला चालतो.

त्याने दुसऱ्यांदा विचारलं ते स्पर्धेच्या थोडे दिवस आधी, त्याच्या ओट्यावर.

"पाय पन जड वाटतो. बांधावरून चालतांना अडकतो. जाऊन येऊ काय पनवेलला?"

"स्पर्धा होऊ दे. मग मी स्वतः नेतो तुला."

"तुमी सांगता तर तसा," तो म्हणाला.

घरी बायकोनेही विचारलं होतं. भाऊ जेवायला आला होता, त्याच्या हातून पाण्याचा पेला निसटला. तो गेल्यावर ती म्हणाली, "अहो, त्याच्या हाताला काय झालंय?"

"खेळून भरून आलाय हात."

"एवढा?"

"मी रोज बघतो त्याला. तू बघतेस का?"

ती ताटं उचलायला लागली.

स्पर्धा आम्ही जिंकलो. एक पेला मिळाला, तो अजून आमच्या शोकेसमध्ये आहे. त्यानंतर भाताची रोपं, लग्नसराई असं काही ना काही निघत गेलं आणि मी त्याला नेलं नाही. पाऊस संपल्यावर तो बांधावरून पडला तेव्हा त्याला नेलं. मानेतला मणका आतल्या मज्जारज्जूच्या दोरीवर दाबत होता. डॉक्टरांनी एमआरआयचा फोटो दाखवला, पेनाने जागा दाखवली आणि विचारलं, "सुरुवात कधी झाली?"

मेहुण्याने सांगितलं, "गेल्या थंडीत."

"मग इतके दिवस काय करत होतात? तेव्हा आला असतात तर हात बराचसा वाचला असता."

मी खुर्चीवर होतो, तो तपासायच्या पलंगावर बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, "माजीच चूक, साहेब. आंगावर काढला."

मी काही बोललो नाही. त्या खोलीत बोलायला वेळ होता. डॉक्टर लिहीत होते, पंखा फिरत होता. मला आठवतं, मी फोटोवरची ती पांढरी दोरी बघत होतो आणि मला काहीच वाटत नव्हतं. पुढेही फारसं काही वाटलं नाही. पश्चात्ताप म्हणतात तसं रडू वगैरे आलं नाही. दात काढल्यावर गाल बधिर राहतो तसं राहिलं, आणि ते गेलंच नाही.

ऑपरेशन झालं. पाय टिकले, काठी घेऊन चालायचा. उजवा हात परत आला नाही. मुलगी रोज सकाळी त्याच्या शर्टाची बटणं लावायची आणि लावताना बोलायची. मी समोर असायचो कितीदा. "जीव गेला तरी तोंड उघडायचा नाय. मला नाय तर आत्याला तरी सांगायचं." तो मान वर करून बसायचा, बटण लागेपर्यंत. मग म्हणायचा, "झाला का बोलून? चा टाक."

एकदा ती आत गेल्यावर मी म्हणालो, "मी सांगतो तिला."

तो म्हणाला, "कशाला? मग ती तुमालाबी बोलंल. येका घरात येकच बास."

मी ते मान्य केलं. माझ्या सोयीचं होतं.

तो बरीच वर्षं तसाच जगला आणि शेवटी झोपेत गेला. फार्महाऊस विकलं गेलं होतं, खांब काढून नेले होते. तेराव्याला नातेवाईक ओट्यावर बसले होते. त्यांच्यात पुन्हा तीच गोष्ट निघाली. कुणी म्हणालं, हट्टी माणूस. कुणी म्हणालं, लपवलं नसतं तर. बायको पदराने डोळे पुसत म्हणाली, "लहानपणापासून तसाच." मी पत्रावळी उचलत होतो.

गेल्या आठवड्यात मी बायकोला सांगितलं. ती वाल सोलत होती. सगळं सांगून झालं तरी ती सोलत राहिली. मग म्हणाली, "किती वेळा विचारलं त्याने?"

"दोनदा."

"आणि मी एकदा."

"हो."

तिने सालं गोळा करून कागदात गुंडाळली. "त्याच्या मुलीला सांगून या. मी येणार नाही तुमच्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी सकाळी बस पकडून नेऱ्याला गेलो. भाची अंगणात होती. ती मला मामा म्हणते, आत्याच्या नवऱ्याला आमच्यात तसंच म्हणतात. एक जुनी थाळी उलटी करून तिने कोंबड्यांना पाणी ठेवलं होतं. आतल्या कडेला मी लावलेली टेप अजून होती.

मी उभ्यानेच सांगितलं. बसलो असतो तर सांगितलं नसतं. लेव्हल बाटली, खळगा, कोन, स्पर्धा, ओट्यावर तो काय म्हणाला आणि मी काय म्हणालो, डॉक्टरांसमोर कोण बोललं आणि कोण गप्प राहिलं.

मग ती म्हणाली, "मी त्यांना रोज बोलायचे, मामा. बटणं लावताना. तुम्ही तिथे खुर्चीत बसलेले असायचात."

"हो."

"चहा पीत."

"हो."

ती विहिरीकडे गेली, कळशी भरून आणली, कोंबड्यांच्या थाळीत पाणी ओतलं. आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं का, माहीत नाही. बहुतेक नाही.

"पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे," ती म्हणाली. "सगळे येतील. बाबांचा विषय निघेल, दर वेळी निघतो. तेव्हा तुम्ही बोलायचं. मी नाय सांगणार कुणाला, आत्याने पण नाय. तुम्हीच."

"सांगेन."

"ओट्यावर. सगळ्यांसमोर."

"हो."

ती मला बस थांब्यापर्यंत सोडायला आली नाही. एरवी यायची.

मी गप्प राहण्यात किती मुरलेला आहे हे मला माहीत आहे, म्हणून हे लिहून काढलं आहे. त्या दिवशी ओट्यावर तोंडाने जमलं नाही, तर हे वाचून दाखवेन. आवाज नीट लागला नाही तर बायको वाचेल, असं मनात होतं. तिला मी विचारलं. ती म्हणाली, "मी नाही वाचणार. तुम्हीच वाचा, अडखळत का होईना."