रिकाम्या पेटीचं वजन

बंदुकीच्या पेट्या बनवणाऱ्या बाईकडे किस्से साठतात ते फोमच्या भुशासारखे. कितीही झाडा, संध्याकाळी साडीला चिकटलेले सापडतातच. उधन्याला माझं दुकान आहे. विमानातून बंदूक न्यायची तर कुलपाची कडक पेटी लागते, आणि तशी पेटी सुरतेत माझ्यासारखी कोणी करत नाही. मला कोणी शिकवलेलं नाही. एका सेठची परदेशी पेटी दुरुस्तीला आली होती, ती मी सगळी उसवून पाहिली आणि होती तशी शिवून दिली. त्याला पत्ताही लागला नाही. शाळेचं विचाराल, तर शाळेसमोरून रोज जायचे मी, डोक्यावर साड्यांचं गाठोडं घेऊन.

*

पहिला किस्सा हसायचा. हिऱ्यांचा एक सेठ आफ्रिकेला शिकारीला निघाला. मी त्याला नीट समजावलं होतं: बंदूक रिकामी, कुलपात, काडतुसं वेगळ्या डब्यात, दोन्ही काउंटरवर सांगून द्यायची आणि दोन्ही विमानाच्या पोटात जायची. बायकोने काडतुसं सुखडीच्या, म्हणजे गूळपापडीच्या, डब्यात ठेवली आणि डबा स्वतःच्या पर्समध्ये. हरवायला नकोत म्हणून! मशीनवर डबा अडवला. साहेबाने विचारलं, "बेन, ये क्या है?"

"सुखडी नीचे है, पहले ये निकालो."

विमान चुकलं. सेठ माझ्याशी भांडायला आला. मी म्हटलं, "पेटी माझी, बायको तुमची."

*

फोममध्ये मी बंदुकीच्या आकाराचा खळगा कापते. बंदूक उचलली की नुसता खळगा दिसतो. कोसाडच्या एका नेमबाज पोरीची आजी दुकानात उघड्या पेटीकडे बघून म्हणाली, "झाकण लाव गं बाई. कुणीतरी आत्ताच उठून गेलंय."

तेव्हा मी हसले होते.

*

आता लीलाबाई. माझी नंदुरबारकडची मैत्रीण, बारडोलीजवळ उसाची शेती. तिचे मालक, बापू, तरुणपणी शिकारी. शिकारीला बंदी आली तरी उसातली रानडुकरं हाकलायला दुनळी बंदूक घरात राहिली. रोज दिवेलागणीला ओट्यावर बसून बापू ती बिजागरीत मोडून उघडायचे, नळ्यांतून दिव्याकडे आरपार बघायचे आणि मिटायचे. खट्.

बापू गेले. कपाटातली बंदूक मात्र दिवेलागणीला मिटतच राहिली.

लीलाबाईची झोप उडाली. डॉक्टर गोळ्या वाढवत गेला, ती वाळत गेली. घरी अहिराणी बोलणारी बाई, मला फोनवर म्हणायची, "अक्का, आज बी उना वं तो आवाज."

"आला तर येऊ दे. कपाटाचं लाकूड आहे. उन्हाने तडकतं."

"आन् पावसात?"

मी तिला दुधात जायफळ घालून प्यायला सांगितलं.

मुलगा किरण दिल्लीला नोकरीला. परवाना त्याच्या नावावर झाला, तेव्हा ती त्याला म्हणाली, "बंदूक घेऊन जा. नाहीतर पुढच्या खेपेला मलाच उचलायला ये, चार माणसं घेऊन."

*

पेटी माझीच, भाड्याने दिलेली. भरताना किरणने बंदूक मोडून धरली आणि मी डोळा लावला. दोन्ही नळ्यांतून ट्यूबलाइट स्वच्छ दिसली. कुलूप लावलं. किल्ली किरणच्या गळ्यात.

विमानतळावर साहेबाने पेटी उघडायला लावली. डाव्या नळीत उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी होती. दारूचा वास ताजा.

"आज चलायी है?"

"साहब, मैंने जिंदगी में नहीं चलायी."

बंदूक परत आली. मी किरणला झापलं, "माझ्या डोळ्यांवर शंका घेतोस?"

"मावशी, मी काही बोललोच नाही."

"मग तोंड कशाला तसं केलंस?"

*

दुसऱ्या खेपेला मी स्वतः गेले. साहेबासमोर बंदूक मोडायला लावली. मी बघितलं, त्यालाही बघायला लावलं. उजेड होता. काडतुसांचा डबा दुसऱ्या सामानात. झाकण लावता लावता मी मोठ्याने सांगितलं, "काडतुसं वेगळी जातात. नियम आहे."

"किससे बात कर रही हो, माजी?"

"मालक से."

साहेब एक पाऊल मागे सरकला. पण बंदूक गेली.

*

दिल्लीहून किरणचा फोन. "मावशी, पट्ट्यावर सगळ्यांच्या बॅगा गार येत होत्या. आपली पेटीही गारच. उघडली तर दस्ता गरम. सगळा नाही. नेम धरताना गाल टेकतो, तेवढाच."

त्या दिवशी दिवेलागणीला त्याच्या फ्लॅटमध्ये खट् झालं. बारडोलीचं घर आता शांत होतं, पण लीलाबाईला हे कळलं आणि तिने अन्न सोडलं. "माझी पीडा लेकराच्या गळ्यात बांधली, अक्का. नातवंडं आहेत त्या घरात."

*

पेटी परत करायला आणि आईला बघायला किरण सुरतेला निघाला. बंदूक दिल्लीतच कपाटात. काउंटरवर पेटी काट्यावर ठेवली, तर वजन येतानाचंच, बंदुकीसकटचं. कमी नाही, जास्त नाही.

"सर, गन डिक्लेअर कीजिए," मुलगी म्हणाली.

उघडून दाखवली. नुसता खळगा. मशीनमधून काढली. काही नाही. दुसऱ्या काट्यावर ठेवली. तेच वजन. शेवटी तिने काटा बिघडलाय असं ठरवलं आणि स्टिकर लावला.

रात्री किरणने पेटी माझ्या फळीवर चढवली. दोन्ही हातांनी. मग बारडोलीला गेला.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लीलाबाईचा फोन. आवाज ओळखू येईना, इतका मोकळा.

"अक्का, दिल्लीले काहीच नाही वं. सूनबाई म्हणते, काल दिवेलागणीला काहीच वाजलं नाही. आठे बारडोलीले बी नाही. दोन घास खाऊन झोपले ती आत्ता उठले. तुझ्या पेटीनेच केलं काहीतरी."

"माझी पेटी आहे. करणारच," मी म्हटलं. "आता पुन्हा झोप."

फोन ठेवला. दिवा लावला. फळीवर, कुलूप लावलेल्या पेटीत, खट्.

मी हातातल्या शिवणीचा दोरा दातांनी तोडला.

"बापू," मी म्हटलं, "काडतुसं वेगळी ठेवली आहेत."